बोटभर ढिलाई

हे सगळं सुरू झालं तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ठकीचं औषध तीन दहाला असायचं, आणि ठकीची आई घड्याळ बघितल्याशिवाय बाटलीचं बूचसुद्धा उघडत नसे. पोरीला दात येत होते, अंग जरासं कोमट लागत होतं. तेवढ्यानेच आईच्या जिवाला घोर. तिने चमचा ओठांशी नेला आणि पलीकडून, गॅरेजमधून, हाक आली.

"अगं, ये जरा. स्टेअरिंग हलवायला."

घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच दार होतं. अलीकडे दुधाचा वास, पलीकडे तेलाचा.

"ही झोपत नाहीये हो," ती दारातून म्हणाली.

"मग घेऊन ये मांडीवर. नेहमीचंच आहे."

नेहमीचंच होतं खरं. स्टेअरिंग ढिलं असलं की तपासायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून ते थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने गाडीखाली पाठीवर झोपून, टॉर्च धरून बघायचं, की वरची हालचाल खाली चाकांपर्यंत येता येता नेमकी कुठे हरवते. मिस्त्री खाली आणि त्यांची बायको वर, अशी जोडी लग्नापासून ठरलेली. सासूबाई टोमणा मारायच्या, "आमच्या सुनेला पोळ्या लाटायच्या आधी स्टेअरिंग लाटता आलं." ठकी झाल्यापासून ठकीही मांडीवर असायची. ते डावं-उजवं सुरू झालं की पोर पाळण्यासारखी गप्प व्हायची.

त्या दिवशी गॅरेजमध्ये ती लाल गाडी उभी होती. जुनी, बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसांची, वर कापडी छत. दातांच्या डॉक्टरांनी हौसेने कुठल्याशा व्यापाऱ्याकडून घेतली होती. पॉवर स्टेअरिंग असलेली, म्हणजे इंजिन चालू असलं की एका हाताने फिरावं असं. फिरायचंही तसंच. पण डॉक्टरांची तक्रार होती की सरळ रस्त्यावर गाडी लोळते. स्टेअरिंग बोटभर फिरवलं तरी चाकांना पत्ताच नसतो, त्याच्यापुढे गेलं की मग गाडी वळते. मिस्त्रींनी स्टेअरिंगला जोर देणाऱ्या पंपाचा पट्टा बदलला, तेल बदललं, झिजलेले सांधे बदलले. ढिलाई जशीच्या तशी. "हिने माझ्या नाकी नऊ आणले," ते जेवताना म्हणायचे, पण म्हणताना तोंडावर हसू असायचं. अशी गाडी त्यांच्या दारात पहिल्यांदाच आली होती.

ती सीटवर बसली. आत पावडरचा वास येत होता, लहान मुलांना लावतात त्या पावडरचा. ठकीचाच असेल, असं तिच्या मनात आलं आणि लगेच आठवलं, की आज अंग गरम म्हणून ठकीला आंघोळच घातली नव्हती. पावडर कुठली?

"हलव," खालून आवाज आला.

तिने हलवलं. डावीकडे, उजवीकडे. इंजिन बंद, पुढची चाकं जॅकवर उचललेली. गॅरेजमध्ये फक्त लोखंडाचा बारीक टक्... टक्... आवाज. ठकी गप्प झाली. मग कोमट बोटांनी आईचा पदर ओढू लागली, पुढे झुकली, पडेल असं वाटलं, म्हणून तिने स्टेअरिंग सोडून पोरीला दोन्ही हातांनी धरलं.

"हं, पुरे. थांब आता," मिस्त्री म्हणाले.

ती थांबलेलीच होती.

"अगं, थांब म्हटलं ना."

"थांबलेय की."

"मग हा दांडा का हलतोय? हात काढ, माझं बोट आहे इथे!"

"अहो, मी ठकीला धरलंय... दोन्ही हातांनी."

समोर स्टेअरिंग स्तब्ध होतं. आणि खालून तो आवाज येतच होता. टक्... टक्... एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला बोटभर. मग तोही बंद झाला.

मिस्त्री फळीवरून सरकत बाहेर आले. कपाळावर तेल, भुवया वर. बायकोचे हात बघितले, पोरीच्या पोटाभोवती घट्ट.

"जॅकवर आहे ना गाडी," ते म्हणाले. "लोंबकळती चाकं हलतात वाऱ्याने."

शटर बंद होतं. वारा कुठला? पण नवऱ्याला ज्यातलं कळतं त्यात आपण तोंड घालू नये असं तिला वाटायचं, आणि घातलं नाही म्हणून नंतर झोप लागायची नाही, हेही तिचं ठरलेलं.

त्यांनी बोनेट उघडलं. "सापडलं बघ. बॉक्समध्येच आहे ढिलाई." स्टेअरिंगच्या दांड्याखाली लोखंडी डबा असतो, त्याला ते बॉक्स म्हणायचे. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू, आणि स्क्रूला धरून ठेवणारा नट. स्क्रू आवळला की आतली ढिलाई कमी होते. एवढंच काम. ते बघायला ती ठकीला कडेवर घेऊन उतरली, आणि तिला त्या रेघा दिसल्या.

मिस्त्री लोकांची एक पद्धत असते. नट आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. पुढे कधी ती रेघ तुटलेली दिसली, अर्धी नटावर आणि अर्धी भलतीकडे, की समजायचं नट फिरलाय. या नटावर चार रेघा होत्या. पांढरी, पिवळी, निळी आणि एक इतकी जुनी, की तिचा रंगच सांगता येईना. चार वेगळे रंग म्हणजे चार वेगळ्या मिस्त्रींचे हात. चारही रेघा तुटलेल्या होत्या.

"चौघांनी आवळला आणि चार वेळा सुटला," मिस्त्री हसून म्हणाले. "जेवत नव्हते वाटतं बिचारे. माझ्या हातचा नट सुटत नाही."

ती वाकून बघत राहिली. "अहो, आपोआप सुटला असता तर एखादी रेघ कमी सरकली असती, एखादी जास्त. या चारही सारख्याच सरकल्यात."

"मग?"

"मग... कुणी मुद्दाम परत पहिल्या जागी आणून ठेवल्यासारखं वाटतं."

"म्हणजे चार मिस्त्री, आणि चारही असे वेडे, की आधी आवळायचं आणि मग आपल्या हाताने ढिलं करायचं?" त्यांनी ठकीचं नाक तेलकट बोटाने दाबलं. "ऐकलंस का गं ठके? तुझी आई आता मिस्त्री झाली."

"तोंडाला तेल लावू नका हो तिच्या!"

त्यांनी स्क्रू आवळला, नट बसवला, आणि हिरव्या रंगाची रेघ ओढली. सरळ, ठसठशीत. गाडी जॅकवरून उतरवली, इंजिन सुरू केलं आणि तिला पुन्हा सीटवर बसवलं. तिने स्टेअरिंग जरासं फिरवलं, तशी चाकं लगेच फिरली. मध्ये कुठेही पोकळी नाही. मिस्त्रींनी टाळी वाजवली.

"थांब आता."

ती थांबली. स्टेअरिंग थांबलं नाही. फिरलं नाही फारसं, पण तिच्या तळव्यात एक हालचाल आली, मऊ, दमादमाने, डावीकडे, उजवीकडे. गर्दीत कुणीतरी आपलं बोट धरावं आणि आपण खाली बघावं, तर कुणी नसावं, तसं. तिने हात झटकले.

"अहो, हे हलतंय."

"पंपात हवा असेल. तेल बदललं की राहते थोडी. एक चक्कर मारली की निघून जाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चल ना तूही. अशा गाडीत बसायला आपल्याला पुन्हा कधी मिळणार? आणि ही झोपेल."

तिला जायचं नव्हतं. पण हे एकटे गेले आणि काही झालं तर? घरी बसून दाराकडे बघत राहण्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेलं बरं. ठकीला मात्र घरी ठेवू, असं ठरवून तिने पोरीला सासूबाईंच्या हातात दिलं. तर ठकीने असा काही टाहो फोडला की सासूबाई घाबरल्या. आईकडे नव्हती झेपावत ती. मूठ गाडीकडे ताणलेली, त्या उघड्या दारातून आत, स्टेअरिंगच्या दिशेने.

"घेऊन जा बाई," सासूबाई म्हणाल्या. "रडून रडून ताप वाढवून घेईल."

तापाचं नाव निघालं आणि ती विरघळली. पुढे कितीतरी वेळा तिने स्वतःला हेच विचारलं, की तापाचं नाव निघालं नसतं तर?

गाडी सुरेख चालली. मोठा सरळ रस्ता, एका बाजूला झाडं, ऊन अजून बऱ्यापैकी. मिस्त्री पोरासारखे खूश. "बघ, सुतात चाललीय!" त्यांनी दोन्ही हात सोडून गुडघ्यांवर ठेवले. "बघ, हात सोडले तरी सरळ."

"धरा हो, धरा! कसली थट्टा ही?"

ते हसले. पुढे पाण्याच्या टाकीपाशी रस्त्याला बाक होता. गाडीने तो बाक घेतला. अलगद, जाणत्या हाताने घ्यावा तसा. मिस्त्री अजून हसत होते, पण नुसतं तोंड हसत होतं. त्यांचे हात गुडघ्यांवरच होते.

मग त्यांनी स्टेअरिंग धरलं. फिरेना. दोन्ही हातांनी धरलं, दंडाच्या शिरा वर आल्या. गंजलेला नट सोडवताना पानाच वाकवणारा माणूस, एका बोटाने फिरणारं स्टेअरिंग त्याला हलेना. गाडी डावीकडे एका गल्लीत शिरली. दोन्हीकडे उंच भिंती, गाडी मावून हातभर उरेल एवढीच जागा. पावडरचा वास एकदम दाटला.

"अहो..."

"मी नाही... मी नाही फिरवत..."

"ब्रेक! अहो, ब्रेक दाबा!"

पायाला ब्रेक असतो हे दोघंही विसरले होते. त्यांनी दाबला. गाडी थांबली ती एका फाटकाच्या दगडी खांबाला नाक लावून. फाटकाच्या आत घर होतं, पण राहतं नव्हतं. खिडक्यांना काचा नाहीत, पुढचं दार विटांनी बुजवलेलं. आणि त्या खांबावर, गाडीच्या दिव्याच्या उंचीवर, लाल रंगाचे जुने ओरखडे होते. एकावर एक, बरेच. ही गाडी इथे पहिल्यांदा आली नव्हती.

मिस्त्रींनी चावी बंद केली. शांतता झाली. आणि त्या शांततेत स्टेअरिंग हळूहळू हलत राहिलं. डावीकडे. उजवीकडे.

"उतर," ते म्हणाले. "तिला घेऊन उतर."

तिने दार ढकललं. ते भिंतीवर आदळलं. गाडी तिच्या बाजूच्या भिंतीला इतकी चिकटून उभी होती, की फटीतून हातही जाईना. छताचे खटके जुने, अडकलेले. मिस्त्री त्यांच्या बाजूने उतरले. "इकडून ये, माझ्या सीटवरून सरक."

ती सरकणार होती. पण मिस्त्री उठले तरी त्यांची सीट उठली नव्हती. चामडं तसंच खाली दबलेलं होतं.

"ये ना गं!"

"तिथे... अहो, तिथे कुणीतरी..."

त्यांनी बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते पुढे गेले आणि बोनेट उघडलं. खिशातला पाना त्यांनी कधी घरी ठेवला नव्हता, आणि त्या दिवशीही ठेवला नव्हता, एवढीच काय ती दया. बोनेट वर गेलं आणि तिला नवरा दिसेनासा झाला. नुसता पान्याचा आवाज, निसटून निसटून बसणारा.

आत ती, ठकी, आणि ती दबलेली सीट. पाठ भिंतीकडच्या दाराला जितकी लावता येईल तितकी तिने लावली. आणि ठकी रडत नव्हती. ठकी हसत होती. नुकत्याच दिसू लागलेल्या दोन दातांनी, तोंडभर, त्या रिकाम्या सीटकडे बघून. तिचा हात पुढे ताणलेला होता आणि मूठ बंद होती. ती मूठ डावीकडे जात होती, उजवीकडे जात होती, स्टेअरिंगच्या बरोबर. आईने तो हात मागे ओढला. आला नाही. पुन्हा ओढला, तेव्हा पोर ओरडली. दुखलं म्हणून नाही. दोघांनी लाडाने दोन्हीकडून ओढलं की पोरं जशी खिदळतात तशी.

मग तिने ओढायचं सोडलं. त्या कोवळ्या हाताचं काय होईल, या भीतीने सोडलं. आई असून सोडलं. पोरीला पोटाशी धरून ती नुसती म्हणत राहिली, "सोडा हो तिला... लहान आहे... तापलेली आहे... सोडा..." कुणाला म्हणत होती, देव जाणे.

बोनेटमागून नट करकरला. स्टेअरिंग थबकलं. मग सैल पडलं, मान टाकावी तसं. सीटचं चामडं सावकाश वर आलं, आणि येताना त्यातून उसासा निघाला.

"आण तिला! आता आण!"

ती त्या सीटवरून कशी सरकली ते तिला आठवत नाही. उघड्या बोनेटपाशी मिस्त्री उभे होते, पाना हातात. तिने नटाकडे बघितलं. हिरवी रेघ तुटली होती. इतर चार जिथे तुटल्या होत्या, नेमकी तिथेच. त्याच्या जरा अलीकडेच नट सोडून बघितला होता त्यांनी, पण तेवढ्याने स्टेअरिंग थांबलं नव्हतं. बोटभर जागा दिल्यावरच थांबलं.

"चारही मिस्त्री वेडे नव्हते," ती म्हणाली.

तिला पायी पुढे जायला सांगून त्यांनी गाडी मागे घेत घेत गल्लीतून बाहेर काढली. गाडी आधीसारखीच लोळत होती. आता ते बरं वाटत होतं.

दिवेलागणीला डॉक्टर आले. मिस्त्री फडक्याने हात पुसत उभे राहिले, पुसून झालेले हात पुन्हा पुसत.

"नाही निघत ढिलाई, डॉक्टर. जुना माल आहे. अशीच चालवा."

"एवढे दिवस ठेवून हेच सांगणार होतात? दात दुखतो म्हणून आलेल्याला मी असाच चालव म्हणून सांगतो का?"

"नाही जमलं मला," मिस्त्री म्हणाले. आपल्या हाताची एवढी घमेंड असलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं.

"जमेल त्याच्याकडे नेतो," असं म्हणून डॉक्टर गाडी घेऊन गेले. ती दाराआडून बाहेर येईपर्यंत लाल दिवे वळणावर पोचले होते.

"सांगितलं का नाही तुम्ही?"

"काय सांगू? उद्या कोण देईल मला गाडी? मिस्त्रीला भूतबाधा झाली म्हणतील."

"त्या चौघांनीही हेच केलं असेल. ढिलं केलं, हात पुसले आणि पुढच्याच्या गळ्यात मारली. एकाने जरी सांगितलं असतं..."

मिस्त्री दारातच बसून राहिले. पुढच्या आठवड्यात तिने धीर करून दवाखाना गाठला, तर कळलं, डॉक्टरांनी गाडी विकली. कुणाला, ते त्यांनाही धड माहीत नव्हतं. व्यापारी घेऊन गेला होता.

ठकीचा ताप त्याच रात्री उतरला होता. दातही आले. सासूबाई म्हणतात, पोर आता कधी नव्हे ती शांत झोपते. झोपते खरी. पण तिची उजवी मूठ तेव्हापासून पूर्ण मिटत नाही आणि पूर्ण उघडतही नाही. ती झोपली की मूठ पाळण्याच्या कडेबाहेर येते, आणि बोटं कशाभोवती तरी वळलेली असतात. आत गोल पोकळी राहते, एका बोटाएवढी. "होतं मुलांचं असं," सासूबाई म्हणतात. "जाईल." बालरोगाच्या डॉक्टरांनी हात बघितला, चांगला आहे म्हणाले.

एकदा तिने त्या पोकळीत हळूच आपलं बोट घालून बघितलं. आईचं बोट, ठकीने किती वेळा धरलेलं. ते आत जाईना. हवेतच अडलं. पोकळी रिकामी नव्हती. तेवढ्यात पाळणा, कुणी हात न लावता, जरासा डावीकडे गेला. मग उजवीकडे.

म्हणून ती आता गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते, मिस्त्री नको नको म्हणत असताना सांगते, आणि ऐकणाऱ्यांनी पुढे सांगावं एवढंच मागते. तुम्हीही सांगा. जुनी लाल गाडी, दोन माणसांची, लांब नाकाची, स्टेअरिंगच्या नटावर पाच तुटक्या रेघा, शेवटची हिरवी. कुणाच्याही गॅरेजमध्ये आली तर तिची ढिलाई काढू नका, ती ढिलाई नाही, ती कुणाची तरी जागा आहे. आणि आधीच्या चौघांपैकी कुणी भेटला, तर त्याला आठवणीने विचारा, की त्याच्या घरी तेव्हा लहान मूल होतं का. असेल, तर त्याची मूठ कधी सुटली, तेवढं मिस्त्रींच्या घरी कळवा.